नुसते ‘एफओबी’ लिहून भाव देऊ नका

संपादक महोदय,

फाउंड्रीच्या ऑर्डरी, गुळाची परदेशी मागणी, चपलेचे भौगोलिक मानांकन अशा निर्यातीच्या बातम्या आपल्या पानांवर नेहमी येतात. त्यातल्या रकमेपुढे एक गोष्ट मात्र छापलेली सहसा दिसत नाही, ती म्हणजे ही रक्कम कुठपर्यंतची. आपला देश निर्यात मोजतो एफओबी किमतीवर, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या. आयात मोजतो सीआयएफ किमतीवर, म्हणजे विमा आणि जहाजभाडे धरून. भारताने दाखवलेली निर्यात आणि समोरच्या देशाने दाखवलेली आयात जुळत नाही, त्याचे एक साधे कारण हे आहे. बातमी वाचणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. पण हाच ढिलेपणा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या कोटेशनांत उतरतो तेव्हा कोणाच्या तरी खिशातून पैसे जातात, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच माणसाच्या खिशातून जातात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

एफओबी, सीआयएफ यांसारख्या अटी (इन्कोटर्म्स) पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेल्या आहेत. पहिला संच १९३६ सालचा, सध्या चालू असलेला इन्कोटर्म्स २०२०. त्यात अकरा अटी आहेत. ईएक्सडब्ल्यू, एफसीए, सीपीटी, सीआयपी, डीएपी, डीपीयू आणि डीडीपी या सात कोणत्याही वाहतुकीला चालतात. एफएएस, एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ या चार फक्त जलवाहतुकीच्या. प्रत्येक अट तीनच गोष्टी ठरवते: खर्च कुठपर्यंत कोणाचा, मालाची जोखीम कोणत्या क्षणी खरेदीदाराकडे जाते, आणि कोणते कागद, परवाने कोणी काढायचे. मालकी कधी बदलते, पैसे कधी मिळतात, वाद कुठल्या न्यायालयात चालेल, यातले काहीही या तीन अक्षरांत नसते. ‘सीआयएफ दिलंय म्हणजे बँकेतून पैसे येणारच’ असे उद्यमनगरात सहज बोलले जाते. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

अट लिहिण्याची रीत ठरलेली आहे: अट, मग ठिकाण, मग आवृत्तीचे साल. उदाहरणार्थ, ‘१.८० डॉलर प्रति किलो, एफसीए शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर, इन्कोटर्म्स २०२०’. ठिकाण गाळले की अट अर्धी राहते. ‘एफओबी कोल्हापूर’ असे लिहिलेली कोटेशने आजही परदेशात जातात. कोल्हापूरला बंदर नाही. देशातल्या व्यवहारात आपण ‘एफओआर’ (मूळ अर्थ ‘रेल्वेवर चढवून’) लिहितो, त्याच सवयीने हे लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात कारखान्याच्या दारातला भाव असतो. पार्टी, म्हणजे परदेशी खरेदीदार, मात्र एफओबी वाचते आणि न्हावाशेव्यापर्यंतचे ट्रकभाडे, सीमाशुल्काचे सोपस्कार, टर्मिनलचे हाताळणी शुल्क हे सगळे भावात धरलेले आहे असे समजते. सुमारे चारशे किलोमीटरचे भाडे आणि बंदरावरची बिले मग भावातून वजा होतात. किलोला काही सेंटवर चालणाऱ्या कास्टिंगच्या धंद्यात तेवढ्याने नफा संपतो.

एफओबीची याहून मोठी अडचण कंटेनरची आहे. ही अट क्रेनने थेट जहाजावर माल चढवायच्या काळातली आहे. जोखीम खरेदीदाराकडे जाते ती माल जहाजावर ठेवल्यावर. आपला माल मात्र कंटेनरमध्ये बंद होऊन सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर-गोदामात) किंवा बंदराच्या यार्डात दिला जातो, आणि तिथे तो चार-आठ दिवस पडून राहू शकतो. जहाज उशिरा आले, लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, फेरी रद्द केली, की आणखी. एवढ्या सगळ्या काळात माल आपल्या ताब्यात नसतो, पण जोखीम आपलीच असते. म्हणूनच चेंबरने स्वतः सांगितले आहे की कंटेनरच्या मालाला एफसीए वापरा. एफसीएमध्ये ठिकाण आपला कारखाना असेल, तर खरेदीदाराने पाठवलेल्या गाडीत माल भरून दिला की जबाबदारी संपते. ठिकाण न्हावाशेव्याचे सीएफएस असेल, तर आपली गाडी तिथे उतरवायला तयार उभी राहिली की संपते, उतरवणे समोरच्याचे. दोन्हींत निर्यातीचा सीमाशुल्क सोपस्कार आपणच करायचा असतो.

एफसीएवर एक आक्षेप नेहमी येतो. एलसीमध्ये (बँकेच्या पतपत्रात) ‘ऑन बोर्ड’, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा, शेरा असलेले बिल ऑफ लेडिंग (बीएल, वाहतूकदाराची मालाची पावती) मागतात आणि एफसीएमध्ये तर माल त्याआधीच दिलेला असतो, मग शेरा कोण देणार? २०२० च्या आवृत्तीत याची सोय आहे. माल चढल्यावर असे बीएल विक्रेत्याला द्या, अशी सूचना खरेदीदाराने वाहतूकदाराला द्यायची, असे करारात ठरवता येते. पण ते करारात लिहावे लागते. आपोआप लागू होत नाही.

सीआयएफबद्दलचा गैरसमज जास्त महाग पडतो. ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ म्हणजे माल हॅम्बुर्गला पोचवून देण्याची हमी, असे दोन्ही बाजू धरून चालतात. खर्च हॅम्बुर्गपर्यंत आपला, हे खरे. जोखीम मात्र न्हावाशेव्याला माल जहाजावर चढला तिथेच संपते. वाटेत नुकसान झाले तर बिलाचे पैसे खरेदीदाराने द्यायचेच, आणि विम्याचा दावाही त्यानेच करायचा. आपण फक्त विमा काढून पॉलिसी त्याच्या नावे वळती करून द्यायची. हे माहीत नसलेला निर्यातदार तक्रारीचा पहिला ईमेल आला की घाबरून सूट देऊन मोकळा होतो.

तो विमा कसला, हेही पाहायला हवे. सीआयएफमध्ये करारातल्या किमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा विमा लागतो. चाळीस हजार डॉलरचा माल असेल तर चव्वेचाळीस हजारांचा. पण व्याप्ती मात्र सगळ्यात कमी चालते, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘सी’. त्यात आग, स्फोट, जहाज बुडणे किंवा रुतणे, टक्कर, गाडी उलटणे असे मोठे अपघात येतात. चोरी येत नाही, आदळआपट येत नाही, कंटेनरमध्ये शिरलेले समुद्राचे पाणीही येत नाही. मशिनिंग केलेल्या कास्टिंगला नेमका धोका पाण्याचा आणि गंजाचा. सीआयपी अटीत (भाडे-विमा धरूनचीच, पण कोणत्याही वाहतुकीला चालणारी) हाच विमा ‘ए’ क्लॉजचा, म्हणजे सर्वात व्यापक लागतो. तेव्हा सीआयएफ द्यायचेच असेल तर ‘ए’ क्लॉज मागून घ्यावा आणि जास्तीचा हप्ता भावात धरावा. तरीही अपुरे पॅकिंग कोणत्याच क्लॉजमध्ये भरून मिळत नाही. व्हीसीआय (गंजरोधक) पिशवी नीट बंद केली नाही, ओलसर लाकडाच्या पेटीत माल ठेवला, कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पट्ट्या टांगल्या नाहीत, तर गंजाचा दावा विमा कंपनी ‘पॅकिंग अपुरे’ म्हणून परत पाठवते.

ईएक्सडब्ल्यू ही अट विक्रेत्याला सर्वात सोपी वाटते: माल दारात ठेवला, काम झाले. निर्यातीला ती आपल्याकडे बसत नाही. नियमाप्रमाणे निर्यातीचा सोपस्कार खरेदीदाराचा, पण शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज) भरायला भारतातला आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक लागतो आणि परदेशी पार्टीकडे तो नसतो. शेवटी आपल्याच नावावर शिपिंग बिल निघते, आणि जीएसटीचा परतावा मिळवण्यासाठी, बँकेला दाखवण्यासाठी ते आपल्याच नावावर हवेही असते. मग भाव तरी एफसीएचा का देऊ नये?

दुसऱ्या टोकाला डीडीपी. चपला, चांदीचे दागिने ऑनलाइन विकणारे तरुण ग्राहकाला खूश करायला ‘सगळे खर्च आमच्याकडे’ म्हणून मोकळे होतात. डीडीपीमध्ये परदेशातले आयातशुल्क आणि तिथला व्हॅटसारखा करही विक्रेत्याचा, आणि अनेक देशांत त्यासाठी तिथे नोंदणी लागते. अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नसायचे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद झाली. त्याच महिन्यात भारतीय मालावरचे शुल्कही चढले. डीडीपी भाव देऊन बसलेल्यांवर हा बोजा थेट पडला. एफओबी, सीआयएफवाल्यांकडे पार्ट्यांनी सूट मागितली असेल, पण मागणे आणि करारानेच देणे लागणे यात फरक आहे. पार्टीला दारापर्यंत माल हवाच असेल तर डीएपी द्यावे. त्यात पत्त्यापर्यंत माल पोचवायचा, पण आयातशुल्क घेणाऱ्याचे. उतरवूनही द्यायचा असेल तर डीपीयू.

आता पैशांच्या अटी. एलसी म्हणजे पैशांची हमी, हे अर्धेच खरे. बँक माल बघत नाही, कागद बघते. त्यासाठी यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. एलसीत वेगळे काही नसेल तर माल चढल्यापासून एकवीस दिवसांच्या आत कागद सादर करावे लागतात, आणि एलसीची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याआधी. आपल्याकडे कागद अडकतात ते मूळ प्रमाणपत्र (माल कोणत्या देशाचा याचा दाखला) किंवा बीएल हातात यायला उशीर झाल्यामुळे, किंवा इनव्हॉइसवरचे मालाचे वर्णन एलसीशी न जुळल्यामुळे. एलसीत जसे आहे तसेच वर्णन उतरवावे, त्यातली इंग्रजी चुकलेली असली तरी. सुधारायचे असेल तर माल भरण्याआधी एलसीत दुरुस्ती करून घ्यावी.

याच नियमांतली एक बाब गुळाला आणि चपलेला वेगवेगळी लागते. वजनात किंवा मापात दिलेल्या मालाला पाच टक्के कमी-जास्त चालते, पण उचललेली रक्कम एलसीच्या रकमेपेक्षा जास्त होता कामा नये. नगांत किंवा खोक्यांत दिलेल्या मालाला ही सूट नाही. म्हणजे ‘२०,००० किलो गूळ’ लिहिले असेल तर १९,२०० किलो गेला तरी कागद चालतील. ‘१,००० जोड चपला’ लिहिले असेल आणि ९९० गेल्या तर ती विसंगती धरली जाऊ शकते. चपलेच्या एलसीत ‘सुमारे’ हा शब्द संख्येच्या आणि रकमेच्या दोन्ही आकड्यांपुढे घालून घ्यावा. त्याचा अर्थ या नियमांत दहा टक्के कमी-जास्त असा ठरलेला आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमधल्या सँडलवरून जगभर चर्चा झाली. त्या चर्चेतून ऑर्डर आली तर ती जोडांतच येणार, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

एलसीशिवाय बँकेमार्फत कागद पाठवायचे दोन मार्ग आहेत: डीपी म्हणजे पैसे भरल्यावर कागद, डीए म्हणजे हुंडी स्वीकारल्यावर कागद. डीएमध्ये माल उधारीवर गेला हे समजूनच चालावे, आणि ईसीजीसीचा (सरकारी निर्यात-पत विमा कंपनीचा) विमा असल्याशिवाय देऊ नये. डीपीत आपले संरक्षण आहे ते बीएलमुळे. मूळ बीएल दाखवल्याशिवाय लाइन माल सोडत नाही, पण त्यासाठी ते ‘टू ऑर्डर’, म्हणजे थेट पार्टीच्या नावे न काढलेले, असायला हवे. विमानाने माल पाठवला की हे संरक्षण उडते. एअर वेबिल हे मालकीचे कागद नाही, त्यावर ज्याचे नाव त्याला माल मिळतो. चपलांची खोकी हवाई मार्गाने डीपीवर पाठवली आणि वेबिलावर पार्टीचे नाव घातले, तर पार्टी माल घेऊन जाते आणि कागद बँकेत पडून राहतात. त्या बँकेची आधी संमती घेऊन तिचे नाव घालावे, किंवा विमानाच्या मालाला पूर्ण पैसे आगाऊ घ्यावेत. दुसरा मार्ग सोपा.

एफओबी आणि एफसीएमध्ये फॉरवर्डर (वाहतुकीची व्यवस्था करणारा मध्यस्थ) पार्टीचा असतो, त्यालाही जपावे. तो लाइनचे मास्टर बीएल स्वतःच्या नावे घेतो आणि आपल्याला हाउस बीएल देतो. पार्टीशी त्याचे साटेलोटे असेल तर तिकडे मूळ कागदाशिवाय माल सुटू शकतो. बहुविध माल वाहतूक अधिनियम, १९९३ खाली नौवहन महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी आहे का, हे आधी विचारावे. स्थानिक शुल्कांची यादीही बुकिंगपूर्वी लेखी घ्यावी, कारण पार्टीला स्वस्त भाडे दाखवून त्याची भरपाई आपल्या बिलात करायची पद्धत आहे. ‘तीस टक्के आगाऊ, बाकी बीएलच्या प्रतीवर’ या अटीत प्रत द्यायची ती खरोखर प्रतच. टेलेक्स रिलीज (मूळ बीएलशिवाय माल सोडण्याची सूचना) पैसे खात्यात जमा झाल्यावर. आणि पार्टीने माल उचललाच नाही, तर मोफत दिवस संपल्यावरच्या डेमरेजचे (कंटेनर पडून राहिल्याच्या आकाराचे) बिल लाइन शेवटी बीएलवरच्या शिपरकडे, म्हणजे आपल्याकडे पाठवते. तिथे इन्कोटर्म कामाला येत नाही.

वजन-मापाचे थोडक्यात. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. कास्टिंग भरताना ती जागा अर्धीही भरत नाही तोवर वजनाची मर्यादा येते, म्हणून तिकडच्या रस्त्यावरची वजनमर्यादा पार्टीकडून आधीच विचारून घ्यावी. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यात माल, पेट्या, टेकू आणि रिकाम्या कंटेनरचे वजन सगळे येते. ड्रॉइंगवरचे नगाचे वजन गुणिले नग असा हिशोब करून पॅकिंग लिस्ट काढतात आणि काट्यावर आकडा वेगळा येतो, तेव्हा आधी काटा, मग कागद. लाकडी पेट्यांना आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का हवा: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे. प्लायवूडला तो लागत नाही, पण प्लायवूडच्या पेटीखाली कच्च्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या की त्यांना लागतो, आणि माल अडकतो तो तिथे.

चपलेचे उलटे. ६० × ४० × ४० सेंटिमीटरचे खोके प्रत्यक्षात अकरा किलोचे असले तरी विमानात लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ६,००० ने भागून सोळा किलोचे भाडे लागते. कुरिअरवाले बहुधा ५,००० ने भागतात, म्हणजे एकोणीस किलोच्या वर. बुरशी नको म्हणून खोक्यात पुड्या टाकताना त्यात डायमिथाइल फ्युमरेट नाही याची खात्री करा. युरोपात त्यावर बंदी आहे.

राहिले सरकारी कागद. ड्रॉबॅक आणि रोडटेप हे (निर्यातदाराला मिळणारे शुल्क-करांचे परतावे) मालाच्या एफओबी किमतीवर मिळतात, बिल सीआयएफचे असले तरी. म्हणून सीआयएफ इनव्हॉइसवर भाडे आणि विमा वेगळे दाखवावेत. रोडटेप हवे असल्याचा होकार शिपिंग बिलातच नोंदवावा लागतो. सीएचए (सीमाशुल्क दलाल) विसरला तर नंतर दुरुस्तीसाठी खेटे. एचएस कोडचे (मालाच्या वर्गीकरण क्रमांकाचे) पहिले सहा अंक जगभर सारखे, आपल्याकडे आठ. कच्चे कास्टिंग ७३२५ मध्ये जाते, पण मशिनिंग होऊन ते पंपाचाच भाग म्हणून ओळखू येत असेल तर ८४१३ मध्ये. मूळ प्रमाणपत्रावर तिकडे सवलत मिळणार की नाही हे यावरच ठरते, तेव्हा कोड पार्टीला विचारून जुळवावा. कर न भरता निर्यात करायची तर एलयूटी (हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नवे. आयजीएसटी भरून केली तर जीएसटीआर-१ (जीएसटी विवरणपत्र) मधला आणि शिपिंग बिलातला इनव्हॉइस क्रमांक अक्षरशः एकच हवा. एका आडव्या रेघेच्या फरकाने परतावा ‘एसबी००५’ त्रुटीत अडकतो.

जिल्हा उद्योग केंद्राकडे आणि जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीकडे या पत्राद्वारे मागणी आहे की कोटेशनचा एक नमुना मराठीत तयार करून शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटनांकडे, गूळ बाजारात आणि चप्पल कारागिरांकडे द्यावा. अट-ठिकाण-आवृत्ती, विम्याचा क्लॉज, पैशांची अट, बीएल कोणाच्या नावे, बंदरावरची शुल्के कोणाकडे, आणि भाव किती दिवस लागू, एवढ्या सहा ओळी त्यात असल्या तरी पुरे. आणि आपल्या वार्ताहरांनी निर्यातीची रक्कम छापताना ती एफओबी की सीआयएफ, एवढे कंसात द्यावे.

आपला,
निर्यात कागदपत्रांच्या कामातील एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर